वरचे शहर, खालचे गाव

नागपूर शहर पेंच व कन्हान या नद्यांचे पाणी पिते. शुद्ध न झालेले सांडपाणी मात्र नाग नदीच्या स्वाधीन करते. ही घाण कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते आणि भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्दच्या जलाशयाला जाऊन भिडते. महानगरपालिका आणि काठच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून हा प्रश्न का सोडवू नये? कायद्याची वानवा आहे असे नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिका यांच्या सामाईक हिताचा, पाणीवाटपाचाही, विचार जिल्हा नियोजन समितीवर सोपविला. परंतु नदी जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही. आणि नुसत्या कलमाने मनेही बदलत नाहीत. घाण नेहमी खालच्याने सोसायची, हा जातिव्यवस्थेचा संस्कार. तोच आज स्थानिक संस्थांच्या कारभारात वावरतो आहे: शहर वरचे, खेडे खालचे! १९५६ साली ज्या नगरीत बाबासाहेबांनी धम्मदीक्षा देऊन ही उतरंड नाकारली, तिला हे शोभत नाही. सहकार्य म्हणजे उपकार नव्हे. काठच्या गावांचे प्रतिनिधी जेथे बरोबरीच्या अधिकाराने बसतील, अशी दोन्ही जिल्ह्यांची संयुक्त समिती हवी. ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी नदीकाठची गावे पायाखाली घातली पाहिजेत.