हिंगोलीतून समाजकार्यात पीएचडी करायचीय? नेट, पेट, गाईड आणि फेलोशिपचं गणित समजून घ्या

एमएसडब्ल्यू झालं की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मुलामुलींसमोर साधारण दोन रस्ते असतात. एखाद्या संस्थेच्या प्रकल्पावर ठरावीक मुदतीची नोकरी धरायची, नाहीतर पीएचडीच्या मागे लागायचं. दुसरा रस्ता धरणारे अनेक जण फॉर्म निघाला की भरून मोकळे होतात आणि अडकतात ते त्याच्या पुढे. गेल्या काही वर्षांत पीएचडीचे नियमही बदललेत. नेमकं काय बदललं आणि अर्ज करण्याआधी काय तपासायचं, ते पाहूया.

अर्ज कोण करू शकतं?

विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीचे नवे नियम लागू केले. त्यानुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन क्रीमी लेयरमधले ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. याच नियमांनी एमफिल बंद केलं.

पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी केली तर आणखी २ वर्षं आणि महिला व ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षं, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. नोकरी करणाऱ्यांसाठी पार्ट टाइम पीएचडीची सोयही आहे. त्यासाठी जिथे काम करता तिथलं ना हरकत प्रमाणपत्र लागतं.

नेट द्यायची की पेट?

हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. राज्यातली विद्यापीठं वर्षानुवर्षं पेट म्हणजे स्वतःची प्रवेश परीक्षा घेत आलीत. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने सांगितलं की २०२४-२५ पासून पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण वापरता येतील. तेव्हापासून नेटच्या निकालात तीन गट पडतात: जेआरएफ, सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश.

जेआरएफ मिळाली तर प्रवेश मुलाखतीवर होतो. बाकीच्या दोन गटांना नेटच्या गुणांचं ७० टक्के आणि मुलाखतीचं ३० टक्के वजन असतं. मात्र हे गुण एकच वर्ष चालतात. त्या वर्षात गाईड मिळाला नाही तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

इथे मराठी माध्यमातून शिकलेल्यांची खरी अडचण आहे. नेटमधला समाजकार्याचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. गावपातळीवर उत्तम काम केलेला विद्यार्थी शब्दांपाशी अडखळतो. त्यामुळे तयारीची सुरुवात संज्ञांपासून केलेली बरी.

पास झालो, पण गाईड कुठाय?

नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरलाय, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

म्हणजे विषयाच्या जागा किती, हे ठरतं त्या विषयातल्या मान्यताप्राप्त गाईडच्या संख्येवर. प्राध्यापक निवृत्त झाले आणि भरती रखडली की जागाही आटतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची रिक्त जागांची यादी पाहा आणि गाईडशी बोलून घ्या. एकाच विद्यापीठावर विसंबू नका. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं एक संकुल तर मराठवाड्यातच, तुळजापूरला आहे.

इतकी वर्षं खर्च कसा भागवायचा?

जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७ हजार रुपये आहे, नंतर ती ४२ हजार होते. ज्यांना जेआरएफ मिळत नाही, त्यांची भिस्त राज्याच्या संस्थांवर असते. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, तर ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती.

पण या फेलोशिपचा भरवसा धरणं सोपं नाही. जागांची मर्यादा आणि रखडलेल्या रकमा यावरून विद्यार्थ्यांनी वारंवार आंदोलनं केलीत. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून ही मुलं काय करणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि राज्यभर वाद पेटला. ज्याच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू शेती आहे, त्याच्यासाठी फेलोशिप मिळणं-न मिळणं म्हणजे संशोधन पूर्ण होणं किंवा अर्धवट सुटणं.

फक्त प्राध्यापक व्हायचं असेल तर?

मग आधी हे वाचा. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी सक्तीची नाही. मुलाखतीआधीच्या छाननीत पीएचडीचे गुण मिळतात, हे खरं. पण केवळ नोकरीसाठी हा घाट घालत असाल तर आधी नेट-सेट काढणं शहाणपणाचं.

विषय कुठून आणायचा?

मुलाखतीत कस लागतो तो इथेच. 'ग्रामीण विकासाचा अभ्यास' असा भलामोठा विषय टिकत नाही. हिंगोलीच्या संशोधकाकडे मात्र घराजवळच प्रश्न आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या शाळेचं काय होतं? २००६ मध्ये रोजगार हमीचा केंद्रीय कायदा पहिल्या टप्प्यात जिथे लागू झाला, त्यात हिंगोली होतं. मग स्थलांतर थांबलं का? कळमनुरी, औंढा भागातल्या आंध आदिवासी कुटुंबांपर्यंत योजना किती पोहोचतात? एक तालुका, एक समूह, एक प्रश्न घेतला तर काम आवाक्यात राहतं.

शॉर्टकटपासून सावध

'घरबसल्या पीएचडी'च्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने केलेली पीएचडी यूजीसी मानत नाही. नियम मोडल्याबद्दल जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडी प्रवेश द्यायला मनाई झाली. पैसे भरून बसलेल्यांना अशा वेळी कुणी वाली नसतो.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: आधी विषय, मग गाईडची रिक्त जागा, मग परीक्षा आणि सोबतच फेलोशिपची कागदपत्रं. जात वैधता आणि नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्रासाठी शेवटच्या आठवड्यात सरकारी कार्यालयांच्या चकरा मारण्याची वेळ येऊ देऊ नका.