बागेत सगळं, फक्त भेळ नाही

मे महिन्यात जळगावचा पारा 45ला टेकतो, तेव्हा सहाला लॉग-आउट करून कुठे जाणार? बागेत! भाऊंचं उद्यान असो की मेहरूणचा तलाव, संध्याकाळी बाकडं मिळायला नशीब लागतं. धुळ्याचा माझा दोस्त हाच टाइमपास पांझरेकाठी करतो.

आमच्या एका लाडक्या बागेचा मेकओव्हर झाला. लॉन, कारंजं, रंगीत दिवे. झक्कास! गेटवरची भेळवाली मावशी तेवढी गायब. शोधली, तर रस्त्याच्या पलीकडे, अंधारात. ‘तठे उभं ऱ्हाऊ देत नाहीत, माय,’ म्हणाली. धंदा निम्म्यावर.

खरं तर फेरीवाल्यांसाठी 2014चा केंद्राचा कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत. म्हणजे मावशीला मत आहे, बॉस! पण बागेचा आराखडा काढणारी पेन्सिल कंपाउंडपाशीच थांबते. गेटजवळ सात-आठ गाड्यांपुरती जागा, एक नळ, दोन कचराकुंड्या, एक दिवा. एवढ्यासाठी काय कारंज्याइतका खर्च येणार आहे? नळ असला तर प्लेटा नीट धुतल्या जातील, कुंडी असली तर कागद लॉनवर उडणार नाहीत. आणि रात्री साडेआठला गेटवर ओळखीची माणसं असली, की आम्हा पोरींना एकटीनं फिरायला धीर येतो. सीसीटीव्हीपेक्षा जास्त, विचारा कुणालाही.

परवा मावशीकडून भेळ घेतली आणि रस्ता ओलांडायला थांबले. तीन ट्रक, दोन डंपर. बाकड्यावर पोचेपर्यंत मुरमुरे मऊ.