आधी दाखला, मग मूल?

एखाद्या मुलाला मागच्या बाकावरून फळा दिसत नसेल, तर शिक्षक त्याला पुढे बसवतात. त्यासाठी कुणी नेत्रतज्ज्ञाचा दाखला मागत नाही. पण तेच मूल उशिरा बोलत असेल, घंटा वाजली की कानांवर हात ठेवत असेल, एका जागी बसत नसेल, तर शाळेचा पहिला प्रश्न असतो, ‘सर्टिफिकेट आहे का?’ दुसरा प्रश्न, ‘किती टक्के?’ समावेशक शिक्षणावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. प्रत्यक्षात गाडी या दोन प्रश्नांपाशी अडते.

माझा भाचा येत्या जूनमध्ये सहा वर्षांचा होईल. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. वाक्य जोडून बोलत नाही, पण एसटीच्या पाट्यांवरची गावे ओळखतो. वडील फळांचा गाडा लावतात. गेल्या वर्षभरात माझ्या बहिणीने अंगणवाडी, बालवाडी, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शाळा अशा फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीत एका दिवसाची कमाई बुडाली. शाळेने सांगितले, दाखला आणा. रुग्णालयाने सांगितले, मूल लहान आहे, सहा महिन्यांनी या. या मधल्या सहा महिन्यांत मुलाने काय करायचे, हे कुणीच सांगितले नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य झाली. त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, वाचा व भाषा दोष आणि अध्ययन अक्षमता आहेत. या कायद्यात दोन वेगळ्या संकल्पना आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. एक ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून अधिक. कलम ३१ प्रमाणे सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दुसऱ्या गटाला आहे. पण कलम १६ तसे म्हणत नाही. भेदभाव न करता प्रवेश देणे, गरजेप्रमाणे सोयी करणे, प्रत्येक मुलाला लागेल तसे साहाय्य पुरवणे, त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे या गोष्टी त्यात दिव्यांग बालकांसाठी सांगितल्या आहेत. तिथे ४० टक्क्यांची अट नाही. दाखला लागतो तो शिष्यवृत्तीला, सवलतीला, आरक्षणाला. मुलाला दारापासून दूर, शांत कोपऱ्यात बसवायला, चित्रांचे वेळापत्रक करून द्यायला किंवा घंटेआधी दोन मिनिटे बाहेर न्यायला कुठल्याही मंडळाची सही लागत नाही.

दुसरी अडचण वयाची. मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही वर्षांत. वाचा उपचार आणि वर्तन प्रशिक्षण जितके लवकर, तितके बरे, हे सगळेच तज्ज्ञ सांगतात. पण आपल्याकडे हा काळ खात्यांच्या हद्दींत वाटला गेला आहे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणजे आरोग्य खात्याची. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे आणि उशिरा विकास होणारी मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची, अशी रचना आहे. पुढे समग्र शिक्षा शिक्षण खात्याची. दाखला, कार्ड आणि योजना यांसाठी दिव्यांग कल्याण विभाग. असा स्वतंत्र विभाग महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्थापन केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण चार खात्यांच्या चार नोंदवह्यांत एकच मूल चार वेळा नव्याने सुरू होते. अंगणवाडीताईने तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले पहिलीच्या शिक्षकापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचवते आई, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन.

तिसरी अडचण भाषेची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. भाच्याच्या चाचणीत त्याच्यासमोर चित्रांचा तक्ता ठेवला होता. विचारले, ‘कोंबडी कुठे आहे?’ तो गप्प. ‘कांदा दाखव.’ तो गप्प. बहीण म्हणाली, ‘मुर्गी किधर है, बेटा?’ त्याने लगेच बोट ठेवले. मग प्याजवर ठेवले. तपासणाऱ्या बाई सज्जन होत्या, पण त्यांच्या हातातला तक्ता मराठीचा होता. बाहेर आल्यावर बहीण मला म्हणाली, ‘भाई, उसकू आता है. पूछने का ढंग नई मालूम इनकू.’ घरी दखनी, मोहल्ल्यात दखनी, शाळेत उर्दू आणि चाचणी मराठीत. अशा मुलाची वाचा खरोखर किती मागे आहे आणि भाषेचे अंतर किती आहे, हे वेगळे काढल्याशिवाय आलेली टक्केवारी काय सांगणार? हाच प्रश्न भिल्ली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलांचा आहे. लमाणी तांड्यावरच्या मुलांचाही आहे. हा काही फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी, निदान ती भाषा जाणणारे कुणी शेजारी बसवावे, ही मागणी अवाजवी नाही.

आता थोडे आपल्या घरातले. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात दिला. तेव्हापासून आपल्या काही संस्थाचालकांना हे वाक्य तोंडपाठ झाले आहे. भाच्याच्या बाबतीतही तेच ऐकवले गेले, वर ‘मतिमंदांच्या शाळेत घाला’ हा सल्लाही मिळाला. पण २०१६ चा कायदा वेगळा आहे. तो शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांबद्दल बोलतो आणि त्यात अल्पसंख्याक शाळांना वगळणारा शब्द नाही. शिवाय राज्यघटनेने आपल्याला शाळा चालवण्याचा अधिकार दिला तो कशासाठी? समाजातले जे मूल इतरत्र मागे पडते, त्याला हात देण्यासाठीच ना? ज्या समाजाच्या शाळा त्याच समाजातल्या दुबळ्या मुलाला दारातून परत पाठवतात, त्यांनी सरकारकडे बोट दाखवताना जरा थांबावे.

मोहल्ल्याचेही तसेच. ‘लडका है, देर से बोलेगा’, ‘नजर लगी है’, ‘माँ ने मोबाइल दे दिया’ या तिन्ही निदानांत डॉक्टर कुठेच नसतो आणि दोष मात्र आईचा असतो. दुआ करणाऱ्याने दुआ करावी, त्याला कुणाची हरकत नाही. पण उशिरा बोलणाऱ्या मुलाची आधी कानांची तपासणी करावी. अनेकदा मूळ कारण ऐकू कमी येणे हेच निघते आणि त्यावर वेळेत इलाज होतो. दुआ आणि कानांची तपासणी यांत भांडण लावायची गरज नाही.

शिक्षकांना दोष देऊन हा विषय संपत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी काय काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात अशा विद्यार्थ्यांमागे किती विशेष शिक्षक असावेत याचे निकष ठरवायला केंद्र सरकारला सांगितले. आमच्या तालुक्यातले विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात असतात आणि त्यांच्या वाट्याला इतक्या शाळा आहेत की महिन्यातून एकदा आले तरी पालक खूश होतात. पदे भरा, ती कायम करा, ही मागणी शिक्षक संघटना आणि पालक यांनी मिळून केली पाहिजे. आज दोघे एकमेकांसमोर उभे आहेत.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. तोंडी विनंती करू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यात कलम १६ चा उल्लेख करा, मुलाला नेमके काय हवे ते तीन ओळींत लिहा आणि पोच घ्या. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाकडून मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा मागा. दाखल्याची प्रक्रिया शेजारून चालू राहू द्या, पण तिची वाट पाहत मुलाला घरी ठेवू नका. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते, आणि तिथे कागद बोलतो.

बहिणीने असा अर्ज दिला आहे. उर्दूत लिहिला, सोबत मराठी प्रत जोडली. पोचेवर शिक्का आहे. शाळेने अजून उत्तर दिलेले नाही, पण ‘सर्टिफिकेट आणा’ हे वाक्य त्या दिवसापासून कुणी उच्चारलेले नाही.