पाण्याकाठचे तंबू आणि बुडालेली नावे

पवना धरणाच्या काठी गेल्या काही वर्षांत तंबूंची एक नवी वसाहत उभी राहिली आहे. शनिवारी दुपारपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या पवन मावळात उतरू लागतात. समोर तुंग आणि तिकोना, पायाशी पाणी, शेकोटी, निखाऱ्यांवर भाजलेले खाणे आणि रात्री उशिरापर्यंत ध्वनिवर्धक. सकाळी चहा-पोहे घेऊन मंडळी परत. मराठी विभागातील आम्ही काही अध्यापक गेल्या हिवाळ्यात एम. ए.च्या विद्यार्थ्यांसह तेथे एक रात्र राहिलो. निमित्त होते गो. नी. दांडेकरांच्या 'पवनाकाठचा धोंडी' या कादंबरीचे. ज्या तुंगाच्या हवालदाराची ती कथा, तो तुंग डोळ्यांपुढे असताना ती वाचावी, एवढाच साधा हेतू होता.

पहाटे एक विद्यार्थी पोहण्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरला. तंबूंची व्यवस्था पाहणारा तरुण ओरडत धावत आला, "दादा, तिकडं नका जाऊ. पुढं आमची विहीर आहे." पाण्यात विहीर कशी, हे आम्हांला प्रथम उमगलेच नाही. मग कळले की तेथे त्याच्या आजोबांची भातखाचरे होती. धरण झाले, तेव्हा खाचरांबरोबर विहीरही बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिचे तोंड दिसते. एरवी ती फक्त त्या घराच्या स्मरणात असते.

आम्ही हातात कादंबरी घेऊन गेलो होतो, पण पायाखालच्या भूमीविषयी अडाणी होतो. तंबूंच्या दरफलकावर त्या विहिरीचा उल्लेख नव्हता. तेथे 'लेक टच' आणि 'लेक व्ह्यू' असे दोन दर होते. आमचा आक्षेप या 'लेक' शब्दाला आहे, आणि तो इंग्रजी आहे म्हणून नाही. 'लेक' म्हटले की हे पाणी अनादि काळापासून येथे आहे, असे वाटते. वस्तुतः पवना नदी अडवून १९७२च्या सुमारास झालेला हा जलाशय आहे. त्याखाली शेते आहेत, वस्त्या आहेत; उन्हाळ्यात उघडे पडणारे वाघेश्वराचे मंदिर आहे. हेच पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. 'लेक' या शब्दात यातले काहीही मावत नाही. 'धरण' या शब्दात निदान त्याची चाहूल तरी लागते.

हे तंबू सरसकट उठवावेत, असे आमच्या काही सहकाऱ्यांचे मत आहे. आम्हांला ते मान्य नाही. ज्या घरांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांच्या नातवंडांना त्याच पाण्याकाठी दोन पैसे मिळत असतील, तर ते नाकारणारे आपण कोण? शहरातल्या माणसालाही मोकळ्या आकाशाखाली निजण्याची ओढ असतेच. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा चाकांवरची घरेही आता पाण्याकाठी येणार. प्रश्न तंबूचा नसून काठ अनामिक होण्याचा आहे.

पाण्यासाठी मराठीत किती नेमके शब्द आहेत! जेथून नदी ओलांडता येते तो उतार, जेथे पाणी भरतात तो पाणवठा, जेथे वरचे पाणी संथ आणि तळ खोल तो डोह, खडकात कोरलेले रांजणखळगे, वर पाऊस झाला की खाली अचानक येणारा लोंढा. यांतला प्रत्येक शब्द म्हणजे पिढ्यांनी जपलेली सूचना आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. शब्द ठाऊक असते तर ते वाचले असते, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. परंतु पाणी हे केवळ पाहण्याचे दृश्य उरले की त्याचा स्वभाव विचारण्याची सवयही सुटते, हे मात्र खरे.

यात आमचाही दोष आहे. श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांचा 'डोह' आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. विद्यार्थी डोहाच्या प्रतीकात्मकतेवर पानेच्या पाने लिहितात. पण डोह नदीत कोठे असतो आणि तो कसा ओळखावा, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. कारण आम्ही ते कधी सांगितलेच नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पाण्याकाठच्या प्रत्येक मुक्कामस्थळी दरफलकाशेजारी दुसरा एक मराठी फलक असावा: नदी कोणती, धरण कधीचे, पाण्याखाली काय आहे, कोठे उतरू नये. ही माहिती गोळा करण्याचे काम जवळच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी अंगावर घ्यावे. धरणापूर्वीचे खोरे डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता वार्धक्यात आहे. तिच्याबरोबर ही नावे गेली की कोणत्याही कोशात ती सापडणार नाहीत.

त्या सकाळी कादंबरीचे वाचन अर्ध्यावरच राहिले. विद्यार्थी त्या तरुणाच्या वडिलांभोवती बसले आणि त्यांनी खाचरांची, बांधांची, वाटांची नावे उतरवून घेतली. यंदाच्या सहलीत उरलेली नावे लिहून घ्यायची, असे आम्ही ठरविले आहे. कादंबरीही तेथेच पुरी करू.