फवारेपंथ

बिघडलेल्या यंत्राच्या पाठीत धपाटा घालून ते सुरू करणाऱ्यांना लोक रानटी म्हणतात. म्हणोत बापडे. निदान धपाटा यंत्रात जाऊन वाळून चिकट तरी होत नाही! माझं भांडण आहे ते फवाऱ्याचा डबा हातात घेऊन हिंडणाऱ्या सुशिक्षितांशी. रेडिओची खुंटी खरखरली, मार फवारा. दाराची बिजागरी कुरकुरली, मार फवारा. उद्या व्याही कुरकुरले तर हे काय करतील, सांगवत नाही.

माझ्याकडे १९८४ सालचा एक जपानी सिंथेसायझर आहे. आमच्या मातोश्री त्याला 'विजेची पेटी' म्हणतात आणि ते काही अगदीच खोटं नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच्या दर्शनी पट्टीवरची तीन बटणं रुसली. बातमी फुटताच तीन दिवसांत चार माणसं चार डबे घेऊन दारात हजर! घरात कोणी आजारी पडलं तेव्हा एवढी मंडळी आली नव्हती.

आता या बटणाचं अंतरंग बघा. वर प्लॅस्टिकची टोपी, तिच्याखाली जेमतेम सहा मिलिमीटर चौरस डबी आणि डबीत धातूची इवलीशी उपडी वाटी. दाबलं की वाटी चेपते, 'टक्' होतं, दोन टोकं जुळतात. चाळीस वर्षं दमट हवा खाल्ली की वाटीवर काळपट थर चढतो. मग 'टक्' तर होतं, पण वीज पलीकडे जात नाही. किंवा जाते, बिचकते, पुन्हा जाते. चांगलं बटणसुद्धा जुळताना क्षणभर थरथरतंच. ते ठाऊक असल्यामुळे यंत्र सेकंदाचा काही हजारावा भाग थांबून मगच दाब मोजतं. पण म्हातारं बटण त्याहून जास्त थरथरलं की एका दाबाचे दोन होतात. कोरस लागतो आणि त्याच 'टक्'मध्ये बंद होतो. मालक म्हणतो, बटण चालतच नाही. अहो, चालतंय की. दोनदा चालतंय!

आणि ही डबी जवळजवळ बंद असते. फवारा आत शिरतो थेंबभर, आणि उरलेला सगळा जातो शेजारच्या सरकत्या दांड्यांत. त्या दांड्या लोण्यासारख्या सरकतात त्या आतल्या घट्ट ग्रीसमुळे. ते ग्रीस वितळतं, दांड्या सैल होतात, वर धूळ बसते. बटण मात्र कधीकधी आठवडाभर चालतं. या पंथाचा सगळा प्रसार त्या एका आठवड्यावर झाला आहे.

बरं, दोष बटणाचाच आहे हे तरी कोणी ठरवलं? या यंत्रांत प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. ती आडव्या-उभ्या ओळींत गुंफलेली असतात. चाळीतल्या पाण्यासारखं आहे हे. एकाच बिऱ्हाडाला पाणी नसेल तर तोटी बघावी. अख्ख्या मजल्याला नसेल तर प्रत्येकाची तोटी बदलत बसणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? तिथे पट्टीची केबल, तिचा सांधा, तडकलेली तांब्याची रेघ किंवा ओळ वाचणारी चिप तपासायची असते. गंमत अशी की, नकाशातली ओळ आणि पट्टीवरची ओळ एक असेलच असं नाही. म्हणून आधी नकाशा उघडावा. पण नकाशा वाचायला डोकं लागतं, फवारायला नुसती तर्जनी पुरते.

मी मल्टिमीटर घेतला. यंत्र बंद, प्लग भिंतीतून बाहेर. (हे कंसात लिहिलं असलं तरी कंसाबाहेरचं समजावं, आतला वीजपुरवठा विनोदी नसतो.) डबीला चार पाय असतात, त्यांतले दोन-दोन आतूनच जोडलेले. जुळी धरलीत तर मीटर न दाबताच पीं करतो आणि माणूस आनंदाने बटणाला निर्दोष सोडतो. म्हणून तिरके पाय धरायचे. दाबल्यावर आकडा एखाद-दोन ओहमच्या आसपास स्थिर हवा. माझ्या दोन बटणांचा आकडा नऊशे, चाळीस, तीनशे असा नाचत होता. ती गेलेली. तिसऱ्याचा आकडा उत्तम! त्याच्या पायाजवळच्या डाखालाच केसाएवढी चीर होती. चाळीस वर्षं बोटांनी दाबून दाबून बोर्ड वाकायचा, त्याचं हे फळ. नवा डाख दिला, दोन नवी बटणं बसवली. चहाच्या एका कपाला जेवढे पडतात तेवढ्यात दोन्ही आली.

आता मूळ रागाचं कारण. मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिला कोणी फारसं विचारलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि परदेशातले जाणकार कान टवकारून ऐकू लागले. ती यंत्रं आता त्या रूपात कोणी बनवत नाही. आहेत तेवढीच आहेत, आणि त्यांतलं प्रत्येक कोणा ना कोणा फवारेपंथीयाच्या शेजारी राहतं.

दुरुस्तीच्या दुकानांतला पंथ आणखी निराळा. मी आधी एकाकडे गेलो होतो. त्याने पेच न उघडता निदान केलं.

"साहेब, पॅनेल बोर्डच गेला. नवा येत नाही."

"मीटर लावून बघता का?"

"मीटर कशाला? पंचवीस वर्षं हेच करतोय. विकून टाका, मी घेतो."

बोर्ड गेलेलं, पार्ट न मिळणारं यंत्र याला कशाला हवं, हे मी विचारलं. त्यावर त्याने कुठेतरी फोन लावला.

परवा त्याच्या दुकानावरून जात होतो, तर त्याने आतून हाक मारली. आता दोन हजार वाढवून देतोय.