काळी पेटी म्हणजे मृत्यू? मुळीच नाही!

परवा नातीच्या इंग्रजीच्या गाईडात शर्ली जॅक्सनच्या ‘द लॉटरी’ या कथेवरचं टिपण वाचलं आणि डोकं तडकलं. दोन रकाने. काळी पेटी : मृत्यू. दगड : हिंसा. समर्स आणि ग्रेव्हज ही आडनावं : उन्हाळा आणि थडगी. झाली कथा! पाठ करा, मार्क घ्या, मोकळे व्हा.

मंडळी, हे कथा वाचणं नव्हे, ‘जोड्या लावा’ आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (शेवट सांगतेय, राग मानू नका). तीनेकशे वस्तीचं अमेरिकन खेडं. २७ जूनची लख्ख सकाळ. दरवर्षीप्रमाणे गाव चौकात जमतं, पेटीतून चिठ्ठ्या काढल्या जातात. काळा ठिपका टेसी हचिन्सनच्या चिठ्ठीवर निघतो आणि गाव दगड घेऊन तिच्यावर तुटून पडतं. संपली कथा.

आता ती पेटी बघा. रंग उडालेली, ढलपा निघालेली. नवी करायची चर्चा दरवर्षी होते आणि दरवर्षी विरते. एरवी ती कधी कोठारात, कधी पोस्टात, कधी किराणा दुकानाच्या फळीवर पडून असते. भयंकर गोष्ट इतकी अंगवळणी पडलीय की ती अडगळीत ठेवता येते! अर्थ या अडगळीत आहे, काळ्या रंगात नाही.

दगड तर बाईंनी दुसऱ्याच परिच्छेदात दाखवलेत. शाळेला सुट्टी लागलीय, पोरं खिशात दगड भरतायत. आपण म्हणतो, खेळतायत बिचारी, आणि पुढे जातो. पुरावा डोळ्यांसमोर होता, तो निरुपद्रवी आपणच ठरवला.

आणि टेसी? ठिपका आपल्या घरावर आल्यावर ती ‘अन्याय, अन्याय’ ओरडते. पण प्रथा चूक आहे असं म्हणत नाही. उलट, लग्न झालेल्या लेकीलाही चिठ्ठ्यांत ओढायला बघते! याला नुसतं ‘उपरोध’ असं लेबल लावून कसं भागेल?

सगळ्यात मोठी करामत तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती म्हणजे निवेदनाचा आवाज. बाजारहाटाची हकीकत सांगावी तसा. कुठे ‘अरेरे’ नाही, कुठे डोळे मोठे करणं नाही. कथा ‘द न्यूयॉर्कर’च्या २६ जून १९४८ च्या अंकात आली आणि त्या उन्हाळ्यात बाईंना तीनशेवर पत्रं आली. त्यांतली प्रेमाची फक्त १३, असं त्यांनीच पुढे सांगितलं. काहींनी तर विचारलं, या लॉटऱ्या कुठे होतात, बघायला येता येईल का? आवाज इतका साधा की लोकांना ते खरंच वाटलं.

कुणी म्हणेल, अहो, परीक्षेत हेच विचारतात. मुलांना प्रतीक, उपरोध ही नावं तरी कळायला नकोत? कळू देत की! पण त्यापुढे एक प्रश्न विचारा : पेटी नवीकोरी असती तर? दगड शेवटच्या पानावर आले असते तर? काय हरवलं असतं? त्याचं उत्तर गाईडात नसतं, मुलांच्या डोक्यात असतं.

हा हट्ट मार्कांसाठी नाही. क्रूरपणा सहसा घरगुती आवाजातच बोलतो. कथेतला म्हातारा वॉर्नर ७७व्यांदा लॉटरीला आलाय आणि ती बंद करणाऱ्या गावांना मूर्ख म्हणतोय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ‘चालत आलंय, कशाला मोडायचं?’ हे मी आपल्याच नात्यागोत्यात ऐकलं. तेही चहा पिता पिता, अगदी प्रेमळ सुरात. तिळगूळ वाटता वाटता विधवा जाऊबाईंना हळदीकुंकवातून वगळणारा सूर तोच.

तो सूर ओळखता यावा म्हणून अशा कथा वाचायच्या. काळी पेटी म्हणजे मृत्यू हे पाठ करून तो कान तयार होत नाही.

असो. नातीचं गाईड मी माळ्यावर टाकलंय. मागितलं तर कथा आधी दोनदा वाच म्हणणार आहे.