अर्धा इन्साफ

जेफ निकोल्सचा ‘लव्हिंग’ हा २०१६ सालचा चित्रपट मध्यंतरी आम्ही सात-आठ मित्रांनी एकत्र बसून पाहिला. बहुतेक सगळे मुस्लिम, शिकलेले, चळवळीत या ना त्या नात्याने वावरलेले. चित्रपट संपला तेव्हा एकाने डोळे पुसले आणि म्हणाला, “ही तर आपलीच गोष्ट आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी सांगितलं की ही मिल्ड्रेड लव्हिंग पुढे २००७ साली समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या हक्काच्या बाजूने उभी राहिली होती. खोलीत एकदम शांतता पसरली. मघाचाच मित्र म्हणाला, “ते कशाला मध्ये आणतोस? ते वेगळं आहे.”

ते खरोखर वेगळं आहे का, हे तपासण्यासाठी हा लेख.

आधी गोष्ट. रिचर्ड लव्हिंग गोरा, गवंडीकाम करणारा. मिल्ड्रेड जेटर कृष्णवर्णीय, शिवाय तिच्यात मूळनिवासी अमेरिकनांचंही रक्त. दोघे व्हर्जिनिया राज्यातल्या एका खेड्यातले. व्हर्जिनियात गोऱ्या माणसाने गोऱ्याखेरीज कुणाशी लग्न करणं गुन्हा होता, म्हणून जून १९५८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. महिना-दीड महिन्यात पोलीस रात्री दोन वाजता त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरले आणि टॉर्चचा प्रकाश त्यांच्या तोंडावर मारला. भिंतीवर लावलेला लग्नाचा दाखला त्यांनी दाखवला, तर ‘इथे हा चालत नाही’ असं उत्तर मिळालं. मिल्ड्रेड तेव्हा गरोदर होती. शिक्षा झाली एक वर्षाची. ती स्थगित ठेवली, पण अट घातली की पंचवीस वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचं नाही.

१९६३ साली मिल्ड्रेडने अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं आणि तिथून खटला उभा राहिला. १९६५ मध्ये व्हर्जिनियाच्या न्यायाधीशाने शिक्षा कायम ठेवताना जे कारण दिलं, ते आपण सगळ्यांनी नीट लक्षात ठेवावं. त्याचं म्हणणं होतं की, सर्वशक्तिमान परमेश्वराने वेगवेगळे वंश निर्माण करून त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवलं, याचा अर्थच असा की ते एकमेकांत मिसळावेत अशी त्याची इच्छा नव्हती. हे मत एकट्या न्यायाधीशाचं नव्हतं. १९५८ च्या गॅलप पाहणीत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला मान्यता देणारे अमेरिकन होते अवघे चार टक्के. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे कायदे रद्द केले, तेव्हाही सोळा राज्यांत ते लागू होते.

चित्रपटात कोर्ट जवळजवळ नाहीच. जोएल एजर्टनचा रिचर्ड मान खाली घालून विटा रचत राहतो. रूथ नेगाची मिल्ड्रेड फोनवर, स्वयंपाकघरात, मुलांच्या मागे दिसते. वकील विचारतो, न्यायाधीशांना काही सांगायचंय का? रिचर्ड एवढंच म्हणतो की माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे, हे सांगा. बस्स.

आता आपण मान का डोलावली ते पाहू. आपल्याकडे विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस लागते, ती निबंधकाच्या कार्यालयात झळकते, आणि आक्षेप घेण्याची मुभा असते. म्हणजे ज्यांच्यापासून लपून लग्न करायचं, त्यांनाच आमंत्रण. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करायला समिती नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली. यावर आपण काय म्हणतो? दोन सज्ञान माणसांनी कुणाशी संसार करायचा हे सरकारने ठरवू नये. अगदी बरोबर. हादियाचं लग्न केरळ उच्च न्यायालयाने रद्द केलं होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवलं आणि जोडीदार निवडणं हा ज्याचा त्याचा अधिकार आहे असं सांगितलं, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत मिठाई वाटायचंच काय ते बाकी होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याबाहेर काढले. त्या निकालात हादियाच्या निकालाचा आधार घेतलेला आहे. अमेरिकेत २०१५ साली समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या निकालात लव्हिंग खटल्याचा आधार आहे, तसाच. हादियासाठी टाळ्या वाजवणारे आपण या दुसऱ्या निकालाच्या वेळी मात्र खाली बघत होतो.

‘वेगळं’ म्हणणाऱ्यांचे तीन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात.

पहिला : वंश जन्माने मिळतो, समलैंगिकता हे वर्तन आहे, तुलनाच चूक. पण व्हर्जिनियाने मिल्ड्रेडला काळी असण्याबद्दल तुरुंगात टाकलं नव्हतं, की रिचर्डला गोरा असण्याबद्दल. त्यांना शिक्षा झाली ती लग्न केल्याबद्दल, म्हणजे वर्तनाबद्दलच. सरकारचं म्हणणं हेच होतं की तुम्ही जे आहात ते राहा, फक्त या माणसाशी संसार करू नका. आज समलिंगी माणसाला याहून वेगळं काय सांगितलं जातं?

दुसरा : आमचा धर्म याला परवानगी देत नाही. मान्य, बहुसंख्य उलेमांचं मत तेच आहे आणि ते बदला असं सांगायला मी बसलेलो नाही. कुठल्याही काझीला असा निकाह पढवायची सक्ती कुणी केलेली नाही, कुणी करूही नये. पण धर्माची मनाई आणि सरकारची मनाई या दोन गोष्टी आहेत. महाराष्ट्रात २०१५ साली बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा आपण काय बोललो होतो? तुमच्या श्रद्धेला गोवंश पवित्र असेल, तुम्ही खाऊ नका, पण तुमची श्रद्धा कायदा होऊन माझ्या ताटात का? हा युक्तिवाद ताटापुरता खरा आणि दुसऱ्याच्या घरापुरता खोटा, असं होत नाही. आपल्याला डुक्कर हराम आहे म्हणून देशभर डुकराच्या मांसावर बंदी घाला, अशी मागणी आपण कधी केली नाही. तो समजूतदारपणा इथेच कुठे जातो?

तिसरा युक्तिवाद सर्वात प्रामाणिक आहे : आपल्यावर आधीच इतकं संकट आहे, त्यात हे ओझं कशाला? या भीतीची मी चेष्टा करणार नाही. पण संकटातला समाज मित्र कसे निवडतो, याचा आपलाच एक इतिहास आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ३७७ची धार काढली, त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं. त्याच रांगेत ‘क्रांतिकारी मनुवादी मोर्चा पार्टी’ नावाचा पक्षही होता. नाव पुन्हा वाचा. ज्या मनुस्मृतीचं बाबासाहेबांनी महाडला दहन केलं, तिच्या नावाने चालणाऱ्यांच्या शेजारी आपल्या नावाने बोलणारे उभे होते. डिसेंबर २०१३ मध्ये ते जिंकलेही, आणि पुढची पावणेपाच वर्षं या देशातले समलिंगी लोक पुन्हा गुन्हेगार झाले. २०२३ साली समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा विरोध करायला जमियत उलमा-ए-हिंद पोहोचली होती, आणि केंद्र सरकारही विरोधातच होतं. न्यायालयाने त्या ऑक्टोबरमध्ये विवाहाचा हक्क नाकारला. ज्या सरकारने आपल्या लग्नांत नाक खुपसू नये असं आपण म्हणतो, त्याच सरकारने दुसऱ्यांच्या लग्नाला नाही म्हटलं तेव्हा आपल्यातलेच काही खूश झाले. यातून आपल्यावरचं ओझं किती कमी झालं, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

आणि ‘इस्लाममध्ये वंशभेद नाही’ हे वाक्य. पैगंबरांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात सांगितलं की अरबाला गैरअरबावर, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही. बिलालची अजान आपल्याला तोंडपाठ. पण स्थळ बघायला निघालो की पहिला प्रश्न बिरादरीचा. बागवान, अत्तार, खाटीक, मोमीन, मुलाणी, सय्यद, पठाण... आपल्या घरात किती लव्हिंग खटले चालतात ते आपल्याला माहीत आहे. मुलाने हिंदू मुलगी आणली तर आपल्याला संविधान आठवतं. मुलगी हिंदू मुलाबरोबर गेली तर तेच संविधान कपाटात जातं. म्हणजे प्रश्न समलिंगींपासून सुरूच होत नाही. आपला इन्साफ त्यांच्याही आधी, आपल्या उंबऱ्यावरच अर्धा झालेला असतो.

मिल्ड्रेड लव्हिंग काही विचारवंत नव्हती. आपण हिरॉइन नाही, हेच ती सांगत आली. रिचर्ड १९७५ साली अपघातात गेला, त्याच अपघातात तिचा एक डोळा गेला. खटल्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा तिच्या नावाने एक निवेदन प्रसिद्ध झालं. त्याचा आशय साधा होता : आपलं माणूस निवडण्याचं स्वातंत्र्य मला मिळालं, ते सगळ्यांना मिळावं, वंश, लिंग, लैंगिकता काहीही असो. आपल्या काळातल्या लोकांनी आमच्याविरुद्ध देवाचं नाव वापरलं, हे ती विसरली नव्हती. पुढच्याच वर्षी ती वारली. तिला हे सोयीचं नव्हतं. अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय चर्चचा समलिंगी विवाहाला विरोध होता, आणि ती स्वतः चर्चला जाणारी बाई होती.

स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरोधात जात असली तरी न्यायाचीच साक्ष द्या, असं सूरह निसा सांगते. आपल्या बाजूने साक्ष द्यायला ईमान लागत नाही, त्याला गरज पुरते.

त्या दिवशी घरी निघताना आमच्यातला सर्वात तरुण मुलगा माझ्याबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत चालत आला. चर्चेत तो एक शब्द बोलला नव्हता. निरोप घेताना म्हणाला, “चाचा, ते निवेदन मला पाठवाल?” मी का म्हणून विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ‘ते वेगळं आहे’ असं आपण ज्या खोलीत म्हणतो, त्या खोलीत कोण बसलेलं असतं, एवढं जरी यापुढे आठवलं तरी पुष्कळ झालं.